घरच्या गॅरेजसाठी छोटं वेल्डिंग मशीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"वेल्डिंग मशीन कुठलं घेऊ?" एवढंच विचारलं तर सांगणारा नुसता अंदाज बांधणार. आधी दोन गोष्टी बघून या: जोडायचं लोखंड किती मिलिमीटर जाड आहे, आणि गॅरेजच्या भिंतीत सॉकेट कसलं आहे. डब्यावरचे मोठे आकडे त्यानंतर. खालची उत्तरं २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर, सुट्टीच्या दिवशी हौसेने किंवा गरजेपुरतं काम करणाऱ्याला डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. फॅब्रिकेशनचा धंदा करणाऱ्याचं गणित वेगळं असतं.

फार वाचायला वेळ नाही. एकच मशीन सांगा.

रॉडवर (वितळून जोडात उतरणाऱ्या, आवरण चढवलेल्या धातूच्या कांडीवर) चालणारं डीसी इन्व्हर्टर मशीन, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे हलकं झालेलं, खरोखर १४० ते १६० अँपिअर देणारं. यातला "खरोखर" हा शब्द विसरू नका, त्यावर पुढे बोलूच. अशा मशीनवर २.५ मिमीचा रॉड आरामात आणि ३.१५ मिमीचा रॉड बेताने चालतो. म्हणजे २ मिमीपासून ६-८ मिमीपर्यंतचं साधं लोखंड जोडता येतं. गेट, टेबलाचा सांगाडा, रॅक, तुटलेली बिजागरी, ढकलगाडी, घरातलं बहुतेक काम एवढ्यात आटपतं. गॅसचा सिलिंडर लागत नाही, वारा असला तरी अडत नाही, लोखंडावर थोडा गंज राहिला तरी रॉड तो चालवून घेतो.

गाडीची बॉडी किंवा दीड मिमीच्या आतला पत्रा हेच मुख्य काम असेल तर मात्र हे मशीन घेऊ नका. त्यासाठी मिग, म्हणजे रॉडऐवजी रिळावरची तार आपोआप पुढे सोडणारं मशीन.

भिंतीतल्या सॉकेटचा एवढा बाऊ कशाला?

कारण मशीन कितीही मोठं आणलं तरी वीज त्याच दोन भोकांतून येणार आहे. गणित करून बघू. रॉडच्या आर्कला, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामध्ये पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीला, किती व्होल्ट लागतात याचा एक ठरलेला हिशोब आहे, मशीन तपासतानाही तोच धरतात: २० अधिक करंटच्या ०.०४ पट. ८० अँपिअरला झाले २३.२ व्होल्ट, म्हणजे आर्कमध्ये साधारण १,८५० वॅट. मशीन स्वतः थोडं खातं. ८५ टक्के बाहेर पडतं असं धरलं तर भिंतीतून २,२०० वॅटच्या आसपास घ्यावे लागतात. २३० ने भागलं की साडेनऊ अँपिअर.

इथवर सगळं छान. पण छोट्या, साध्या इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटचा किती भाग खरा कामी येतो त्याचं प्रमाण) बऱ्याचदा ०.७ च्या आसपास असतो, म्हणून प्रत्यक्षात तार १३-१४ अँपिअर वाहते. हाच हिशोब १२० अँपिअरच्या वेल्डिंगला लावला तर भिंतीतून जवळजवळ २२ अँपिअर, आणि १६० ला ३० च्या वर.

आता १६ अँपिअरचं सॉकेट डोळ्यासमोर आणा. २.५ मिमीचा रॉड त्यावर निश्चिंत चालेल. ३.१५ मिमीच्या रॉडला ते घाम फोडेल. मशीन पूर्ण फिरवलंत तर एमसीबी पडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे एमसीबी पडणार नाही आणि प्लग मऊ व्हायला लागेल. नेहमी जाड काम करायचं असेल तर मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढून घ्या. तारेची जाडी आणि एमसीबी किती अँपिअरचा हे इलेक्ट्रिशियनला ठरवू द्या, त्याला मशीनच्या मागच्या प्लेटचा फोटो दाखवा. एमसीबी सी प्रकारचा मागा. इन्व्हर्टर चालू करताना क्षणभर करंट उसळतो आणि बी प्रकारचा एमसीबी उगीचच पडत राहतो.

डब्यावर २५० अँपिअर लिहिलंय, मशीन मात्र जेवणाच्या डब्याएवढं. खरं असेल?

बहुतेक नाही. डब्यावरच्या रंगीत आकड्याला कुणी जाब विचारत नाही. मशीनच्या मागे किंवा खाली एक राखाडी, कंटाळवाणी पट्टी असते, ती वाचा. तिथे व्होल्ट आणि अँपिअरच्या खुणांपुढे १ लिहिला असेल तर ती भिंतीकडची बाजू, २ लिहिला असेल तर वेल्डिंगची बाजू. शून्य लिहिलेला व्होल्टचा आकडा म्हणजे आर्क पेटण्याआधी होल्डरवर (रॉड धरायच्या चिमट्यावर) असलेला व्होल्टेज. आणि एक्स म्हणजे ड्यूटी सायकल.

आता पकडण्याची युक्ती. भिंतीकडचा जास्तीत जास्त करंट २० अँपिअर लिहिलाय आणि वेल्डिंगचा २५० अँपिअर, असं दिसलं तर समजा कुठेतरी लोणकढी आहे. २३० गुणिले २० म्हणजे ४,६०० वॅट आत जातायत. २५० अँपिअरच्या आर्कला ३० व्होल्ट धरले तर ७,५०० वॅट बाहेर यायला हवेत. आत टाकलं त्यापेक्षा जास्त बाहेर देणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.

ज्या मशीनवर ही पट्टीच नाही, ते घेऊ नका. मी याबाबतीत हट्टी आहे.

ड्यूटी सायकल म्हणजे नक्की काय?

दहा मिनिटांतली किती मिनिटं मशीन तापून बंद न पडता वेल्डिंग करू शकतं, त्याची टक्केवारी. "१६० अँपिअर, ३० टक्के" म्हणजे तीन मिनिटं काम, सात मिनिटं विश्रांती. प्रमाणित चाचणी ४० अंश सेल्सिअस हवेत घेतात. काही कंपन्या २० अंशांवर मोजून मोठा आकडा छापतात, त्यामुळे तापमानही बघा.

करंट कमी केला की हा वेळ झपाट्याने वाढतो, कारण उष्णता करंटच्या वर्गाने बदलते. वरचंच मशीन ११३ अँपिअरला ६० टक्के आणि ८८ अँपिअरला अखंड चालायला हवं. घरचं बहुतेक काम ७० ते ९० अँपिअरवर होतं. शिवाय रॉड बदलणं, स्लॅग (जोडावर जमणारी कडक काळी खपली) झोडणं, पुढचा तुकडा काटकोनात धरून क्लॅम्प लावणं यात नवशिक्याची दहातली सात मिनिटं सहज जातात. म्हणून ड्यूटी सायकलची धास्ती घेऊ नका. पण १६० च्या खाली दुसरा कुठलाच आकडा दिलेला नसेल, तर विक्रेत्याला विचारा.

जुनं तांब्याच्या कॉइलचं ट्रान्सफॉर्मर मशीन बरं की इन्व्हर्टर?

ट्रान्सफॉर्मर मशीन म्हणजे बैल. जड, अडमुठं आणि मरायला तयार नसलेलं. आत बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच. वजनाचं कारण असं की वीज ५० हर्ट्झवर बदलायला लोखंडाचा मोठा गाभा लागतो. इन्व्हर्टर तीच वीज आधी डीसी करून, मग सेकंदाला हजारो वेळा चालूबंद करून अगदी छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून काढतो. म्हणून चाळीस किलोचं काम पाच किलोत होतं.

पण खरा फरक वजनाचा नाही, आर्कचा आहे. साधं ट्रान्सफॉर्मर मशीन एसी देतं. एसीमध्ये आर्क प्रत्येक सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येऊन पुन्हा पेटतो, त्यामुळे शिकाऊ हाताला रॉड फार चिकटतो. डीसी आर्क मऊ आणि सलग असतो, आणि भिंतीतला व्होल्टेज थोडा खालीवर झाला तरी इन्व्हर्टर तो सांभाळून घेतो. शिकणाऱ्याने इन्व्हर्टर घ्यावं. कुणाकडून चांगलं ट्रान्सफॉर्मर मशीन फुकट मिळत असेल तर नाही म्हणू नका, फक्त उचलायला माणूस बरोबर न्या.

हॉट स्टार्ट, आर्क फोर्स, अँटी-स्टिक यासाठी जास्त पैसे मोजावेत का?

हॉट स्टार्ट रॉड टेकवताना क्षणभर जास्त करंट देतं, त्यामुळे सुरुवात सोपी होते. आर्क फोर्स रॉड फार जवळ गेला की करंट वाढवून तो चिकटू देत नाही. अँटी-स्टिक तरीही चिकटलाच तर करंट पाडतं, मग रॉड लाल होण्याआधी हिसका देऊन सोडवता येतो. बहुतेक इन्व्हर्टरमध्ये हे तिन्ही आतच बसवलेलं असतं, त्यासाठी वेगळी बटणं असलीच पाहिजेत असं नाही. डिजिटल आकडा दाखवणारा डिस्प्ले मात्र उपयोगी, कारण काल कितीवर चांगलं जमलं होतं हे आज आठवत नाही.

पातळ पत्रा जोडायचाय. रॉडने भोकंच पडतात.

पडणारच. २ मिमीच्या खाली रॉड म्हणजे हातोड्याने घड्याळ दुरुस्त करणं. २ मिमी किंवा १.६ मिमीचा बारीक रॉड, ३५ ते ५० अँपिअर, रॉड मायनसवर (होल्डरची केबल मशीनच्या मायनस टोकाला), आणि सलग न ओढता थेंब-थेंब टाके घेत गेलात तर दीड मिमीचा चौकोनी पाइप जमतो. एक टाका, थांबा, लाली उतरू द्या, मग पुढचा. पाठीमागे तांब्याची पट्टी घट्ट लावली तर ती उष्णता ओढून घेते आणि लोखंड तिला चिकटत नाही. हे सगळं करता येतं, पण रोज करवत नाही.

पत्र्यासाठी ०.६ किंवा ०.८ मिमीची भरीव तार आणि गॅस असलेलं मिगच. ते ३०-४० अँपिअरपर्यंत स्थिर खाली उतरतं का हे आवर्जून बघा. पत्र्याच्या कामात मशीन किती वर जातं यापेक्षा किती खाली येतं याला मोल असतं, आणि जाहिरातीत नेमकं तेच कधी नसतं.

बिनगॅसचं मिग ही काय भानगड आहे?

त्यात तार पोकळ असते आणि पोटात फ्लक्स, म्हणजे जोडाला हवेपासून वाचवणारी पूड, भरलेला असतो. रॉडचंच आवरण जणू आतून बाहेर उलटलंय. फ्लक्स जळून स्वतःचा गॅस तयार करतो, म्हणून सिलिंडर लागत नाही आणि उघड्यावर वाऱ्यातही काम होतं. ट्रिगर दाबा, तार येत राहते. पहिल्याच दिवशी काहीतरी जोडल्याचं समाधान यातून जितकं लवकर मिळतं तितकं रॉडमधून मिळत नाही.

बदल्यात धूर बराच होतो, शिंतोडे उडतात, स्लॅग झोडावा लागतो आणि तार भरीव तारेपेक्षा महाग पडते. दिसायला जोड ओबडधोबड. आणखी एक चूक इतकी सर्रास होते की वेगळी सांगतो: या तारेला गन मायनसवर हवी. गॅससह भरीव तार वापरताना ती प्लसवर असते. मशीन उघडल्यावर आत दोन स्क्रू किंवा एक छोटा जोड असतो, तो अदलाबदल करता येतो का हे घेण्यापूर्वी बघून घ्या. "हे मशीन नुसतं फटफट करतं" या तक्रारीमागे अनेकदा फक्त हे दोन स्क्रू असतात.

तार ओढणारे रोलरही दोन जातींचे: भरीव तारेला गुळगुळीत व्ही खाचेचा, पोकळ तारेला दातेरी. पोकळ तार जास्त आवळली तर चपटी होते आणि अडकते.

गॅस लावायचाच तर कुठला?

साध्या लोखंडासाठी आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, ८०-२० च्या आसपास. शुद्ध कार्बन डायऑक्साइडवरही मिग चालतं, स्वस्त पडतं, खोल शिरतं, पण शिंतोडे वाढतात आणि पातळ पत्र्यावर जरा आडदांड वागतं. शुद्ध आर्गॉन टिगला (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकावर आर्क पेटवायची पद्धत) आणि ॲल्युमिनियमला, लोखंडाच्या मिगला नाही. प्रवाह मिनिटाला ८ ते १२ लिटर पुरतो. जास्त सोडला म्हणजे जास्त संरक्षण असं नाही, जोरात सोडलेला गॅस भोवरे करून बाहेरची हवाच आत ओढतो.

मशीन ठरवण्याआधी सिलिंडर कुठून भरून मिळेल, भाड्याने की विकत, याची चौकशी करा. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा आणि गॅरेज अगदी बंदिस्त असेल तर काम संपल्यावर आठवणीने व्हॉल्व्ह बंद करा. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, त्याला वास नाही, आणि खड्ड्यात किंवा तळघरात तो प्राणवायूला हुसकावून लावतो.

टिगचे जोड फार सुंदर दिसतात. थेट तेच शिकू का?

शिका, पण घाई असेल तर नाही. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फिलर (जोडात वितळवायची सळई), पायाखाली पेडल, आणि लोखंड आरशासारखं स्वच्छ हवं. मिगने पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला टिग अर्धा तास घेतं. बारीक, देखण्या कामाला आणि स्टेनलेसला त्याला तोड नाही.

मधला मार्ग आहे. बऱ्याच रॉड मशीनवर लिफ्ट टिगची सोय असते: वेगळी टॉर्च आणि आर्गॉन जोडायचा, टंगस्टन कामाला टेकवून उचलायचं, आर्क पेटतो. हाताला सवय होते, नवं मशीन लागत नाही. टंगस्टन घेताना लाल टोकाचं टाळा, त्यात थोरियम असतं. ते सौम्य किरणोत्सारी आहे आणि टोक घासताना उडणारी धूळ छातीत जाते. लँथनमचं, म्हणजे सोनेरी किंवा निळ्या टोकाचं, तेच काम निर्धोकपणे करतं.

ॲल्युमिनियम?

त्यासाठी एसी टिग लागतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २,०७२ अंशांना. आत पाणी झालेलं असतं आणि वर साल तशीच. एसीचा अर्धा फेरा ही साल फोडतो, उरलेला अर्धा वितळवतो. फक्त डीसी देणाऱ्या टिगवर हे नेहमीच्या पद्धतीने होत नाही, मग विक्रेता काहीही म्हणो. वर्षातून एकदा ॲल्युमिनियमचा कंस तुटत असेल तर तो बाहेरून जोडून आणा.

थ्री-इन-वन मशीन घेऊ का?

रॉड, मिग आणि लिफ्ट टिग एकाच खोक्यात. चांगल्या दर्जाचं मिळालं तर घरच्या गॅरेजसाठी सोयीचं आहे, जागा वाचते. माझी तक्रार एवढीच की एक सर्किट गेलं की तिन्ही पद्धती एकदम आजारी पडतात. स्वस्तातल्या मशीनमध्ये तार पुढे ढकलणारी यंत्रणा प्लॅस्टिकची असते, आणि मिगचा जीव तर तिच्यातच. झाकण उघडून रोलरच्या भोवतालचा भाग धातूचा आहे का बघा. किती मोठी रीळ बसते तेही बघा. एक किलोच्या छोट्या रिळीची तार किलोमागे नेहमी महाग पडते, पाच किलोची बसत असेल तर पुढे बचत होते.

रॉड कुठले आणू?

६०१३. डोळे मिटून. पहिले दोन आकडे म्हणजे ताणाची ताकद, चौरस इंचाला ६०,००० पौंड. तिसरा १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कसंही चालतं. शेवटचा आकडा आवरण आणि करंटचा प्रकार सांगतो. २.५ मिमीला ६० ते ९० अँपिअर, ३.१५ मिमीला ९० ते १३०, पाकिटावर छापलेलं असतंच. पाकीट फेकू नका.

जास्त भार पेलणाऱ्या कामाला ७०१८ म्हणतात आणि ते खरंही आहे, पण तो रॉड ओलावा सहन करत नाही. उघडं पाकीट हवेत राहिलं की जोडात हायड्रोजन कमी जाऊ देण्याचा त्याचा गुण जातो, आणि परत आणायचा तर २६० अंशांच्या वर भट्टीत भाजावा लागतो. स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं ते काम नाही. ६०१० च्या मागे लागू नका, बरीच छोटी इन्व्हर्टर मशीनं तो रॉड पेटता ठेवू शकत नाहीत. ६०१३ सुद्धा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दमट झाला की तडतडतो आणि जोडात छिद्रं राहतात.

एक्स्टेन्शन बोर्ड वापरला तर चालेल?

चालेल, जाड असेल तर. २० मीटरच्या वायरमध्ये वीज जाऊन परत येते, म्हणजे ४० मीटर तांबं. २.५ चौरस मिमीची तार असेल तर २० अँपिअरला साधारण ६ व्होल्ट पडतात. टीव्हीला वापरतो तसल्या १ चौरस मिमीच्या तारेत १५ व्होल्ट, आणि ती तारही तापते. गुंडाळलेली रीळ तशीच ठेवून कधीच वापरू नका, मधल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला जागाच नसते. पूर्ण सोडा, मग जोडा. शक्य असेल तिथे भिंतीकडची वायर वाढवण्याऐवजी होल्डर आणि अर्थच्या (जोडायच्या लोखंडाला चिमट्याने लावतात त्या) जाड केबल लांब करून घ्या.

जनरेटरचंही विचारतात. १६० अँपिअरचं मशीन पूर्ण ताकदीने चालवायला साधारण ७ केव्हीए धरा, २.५ च्या रॉडला त्याच्या निम्म्यात भागतं.

मशीनबरोबर मिळालेला हातात धरायचा मास्क पुरेसा नाही का?

तो सजावटीचा आहे. एका हातात मास्क, दुसऱ्यात होल्डर, मग काम धरणार कोण? डोक्यावर बसणारं, आपोआप काळं होणारं हेल्मेट घ्या. काच सेकंदाच्या किती हजाराव्या भागात काळी होते या चर्चेत अडकू नका, काच काळी व्हायच्या आधीही अतिनील आणि अवरक्त किरण तिच्यात अडतच असतात. बघायचं ते हे: सेन्सर दोन नव्हे चार, आणि शेड, म्हणजे काचेच्या काळेपणाचा नंबर, ९ ते १३ बदलता येणारी. ८०-१५० अँपिअरला १० किंवा ११ नंबर. चष्मा असेल तर तो घालूनच हेल्मेट लावून बघा.

पहिल्या आठवड्यात मी "एवढा एकच टाका" म्हणून नुसते डोळे मिटून मारला होता. त्या वेळी काही झालं नाही. रात्री दोनला जाग आली ती डोळ्यात मूठभर वाळू टाकल्यासारखी. आर्कची इजा अशीच सहा ते बारा तासांनी कळते. अशा वेळी डोळ्यात घरगुती काही घालू नका, डॉक्टरांकडे जा. बाजूला उभं राहून बघणाऱ्या मुलांनाही तेच होतं, त्यांना गॅरेजच्या बाहेर काढा.

आणखी काय काय लागतं?

लागणाऱ्या एकूण पैशांतला तिसरा हिस्सा तरी या सामानासाठी बाजूला काढा. अँगल ग्राइंडर आणि त्याला साधा सेफ्टी चष्मा, कारण ग्राइंडरची ठिणगी डोळ्यात जाणं वेल्डिंगपेक्षा सोपं आहे. चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश, काटकोनी चुंबक, आणि क्लॅम्प. क्लॅम्प किती? आहेत त्याहून दोन जास्त. चामड्याचे लांब हातमोजे. अंगात जाड सुती कपडे, नायलॉन-पॉलिस्टर नाही, ते वितळून कातडीला चिकटतं. मशीनबरोबर येणारा पत्र्याचा नाजूक अर्थ क्लॅम्प पहिल्याच महिन्यात बदला. आर्क तुटतुट करतो तेव्हा निम्म्या वेळा दोष त्याचाच असतो, आणि उरलेल्या निम्म्या वेळा त्याच्याखालच्या रंगाचा.

धुराचं काय? गॅरेजचं शटर अर्धं उघडं असतं.

पूर्ण उघडा. वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवतो असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये निश्चित केलं आणि त्याला पहिल्या गटात टाकलं. डोकं धुराच्या लोटात न नेता बाजूने काम करा, पंखा आडवा लावा. गॅसचं मिग असेल तर पंखा थेट जोडावर नको, गॅस उडून जातो. हेल्मेटच्या आत मावणारा धूळरोधक मास्क वापरा.

जस्त चढवलेला पाइप जोडायचा असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त ग्राइंडरने काढा. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला १,५०० च्या आसपास लागतात, त्यामुळे ते पांढऱ्या धुरात जाणारच. तो धूर घेतला तर काही तासांनी थंडी वाजून फ्लूसारखा ताप येतो, दिवस-दोन दिवसांत उतरतो.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग कधीच वेल्ड करू नका. आर्कच्या उष्णतेने आणि किरणांनी त्यातून फॉस्जीन तयार होतो, जो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला गेला. थोड्या प्रमाणातही तो फुप्फुसं निकामी करू शकतो. पुसायला ॲसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या.

गॅरेजमध्ये गाडी आणि पेट्रोलचा कॅन असतो.

मग आधी ते बाहेर काढा. ठिणग्यांच्या कामाभोवती ११ मीटरपर्यंत जळण्यासारखं काही नको असा रिवाज आहे. घरच्या गॅरेजात तेवढी लांबी नसतेच, म्हणून लाकडाचा भुसा, रंगाचे डबे, तेलकट चिंध्या सगळं हलवा आणि जे हलत नाही ते आग न धरणाऱ्या कापडाने झाका. अग्निशामक हाताशी ठेवा. काम संपल्यावर किमान अर्धा तास तिथेच थांबा. भुश्यात शिरलेली ठिणगी गुपचूप धुमसते आणि तुम्ही जेवायला बसल्यावर पेटते. बंद डबा, जुना ड्रम, पेट्रोलची रिकामी टाकी जोडायला घेऊ नका, "धुतलीये" असं कुणी सांगितलं तरी.

गाडीवरच वेल्डिंग करायचं असेल तर?

बॅटरीची मायनस तार काढा, अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. करंट परतीची वाट बेअरिंगमधून काढतो तेव्हा बेअरिंग जळतं.

शॉक बसतो का?

होल्डरवर आर्क नसताना ६० ते ९० व्होल्ट असू शकतात. कोरड्या हातमोज्यांत काही कळत नाही, घामाने ओल्या झालेल्यांत कळतं. ओल्या जमिनीवर उभं राहून काम नको, रॉड काखेत धरून क्लॅम्प लावणं नको. व्हीआरडी लिहिलेलं मशीन आर्क नसताना हा व्होल्टेज आपोआप खाली आणतं, दमट जागी काम करणाऱ्याने ते बघून घ्यावं. पेसमेकर बसवलेला असेल तर मशीन विकत घेण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

मशीन लवकर खराब होऊ नये म्हणून काय करावं?

ग्राइंडरपासून लांब ठेवा, एवढंच नव्वद टक्के आहे. इन्व्हर्टरचा पंखा समोर येईल ते आत ओढतो, आणि ग्राइंडरची धूळ म्हणजे बारीक लोखंड, वीज वाहणारं. सर्किटवर ती साचली की एक दिवस फट् असा आवाज येतो. काही महिन्यांनी प्लग काढून, थोडा वेळ थांबून, कमी दाबाच्या हवेने आतली धूळ उडवा. काम झाल्या झाल्या मशीन बंद करू नका, दोन-तीन मिनिटं पंखा फिरू द्या.

मशीन आलं. पहिल्या दिवशी काय जोडू?

काहीच नाही. ५ मिमीची पट्टी घ्या, २.५ मिमीचा ६०१३, ८० अँपिअर, आणि नुसत्या रेघा ओढा. रॉडचं टोक पट्टीपासून रॉडच्याच जाडीइतकं वर, रॉड ओढण्याच्या दिशेला थोडा कललेला, आवाज कांदा तळल्यासारखा सलग. आर्कच्या उजेडाकडे बघू नका, मागे वितळलेल्या डबक्याकडे बघा. पन्नास रेघांनंतर दोन तुकडे टी आकारात एकाच बाजूने जोडा, व्हाइसमध्ये धरा आणि हातोड्याने वाकवून तोडा. आत राखाडी, दाणेदार धातू दिसला तर शिरलंय. मुळाशी चकचकीत, न वितळलेली कड किंवा काळा स्लॅग दिसला तर करंट वाढवा आणि पुन्हा. गाडीचा टो-हुक, शिडी, जॅकचा स्टँड आणि कुणाच्या डोक्यावर टांगायचं काहीही, हे तोडलेले सगळे तुकडे सलग चांगले निघेपर्यंत हातात घेऊ नका.